'अंधारी आली' म्हणजे 'पास आउट' नाही : आजारपणाचं इंग्रजी आणि आपला डेटा

तुंगार्लीतल्या एका मुलाखतीपासून सुरुवात करते. पावसाळ्याचे दिवस होते. बंगल्यांवर झाडलोट आणि स्वयंपाकाचं काम करणाऱ्या एका मावशींशी मी त्यांच्या तब्येतीबद्दल बोलत होते. त्या म्हणाल्या, "सकाळी उठलं की डोळ्यांपुढं अंधारी येती. मग मी घटकाभर खाली बसते." मी रेकॉर्डिंग घरी आणलं, मराठीत उतरवलं आणि इंग्रजीत भाषांतर केलं. त्या वाक्यासाठी मी लिहिलं : 'शी पासेस आउट एव्हरी मॉर्निंग.' वाक्य ऐटबाज वाटलं. फ्रेझल व्हर्ब वापरलं, म्हणजे इंग्रजी सुधारलं असंही वाटून गेलं.

आठवड्यानं गाइड मॅडमनी कागद समोर ठेवला. "ही बाई रोज सकाळी बेशुद्ध पडते? मग तिला दवाखान्यात कोण नेतं? आणि तू तिला तशीच सोडून आलीस?"

मी परत तुंगार्लीला गेले आणि विचारलं. मावशी हसल्या. "बेशुद्ध कशाला पडू? नुसती अंधारी येती गं बाई. बसलं की जाती." म्हणजे माझ्या एका क्रियापदानं एक धडधाकट उभी असलेली बाई रोज सकाळी जमिनीवर पाडली होती. आणि तक्त्यात 'शुद्ध हरपणे' या रकान्यात एक खूण वाढली होती.

तुम्ही पेटची तयारी करत असाल, कोर्सवर्कला असाल किंवा सिनॉप्सिस लिहीत असाल, आणि तुमचा विषय आरोग्य, समाजकार्य, मानसशास्त्र, अर्थशास्त्र असा कुठलाही असो, तर लोक आजाराबद्दल बोलतील आणि तुम्हाला ते इंग्रजीत मांडावं लागेल, हा प्रसंग कधी ना कधी येणारच. म्हणून हा लेख. यात शब्दांची यादी आहे, पण यादी पाठ करा असं मी सांगणार नाही. यादी पाठ करूनच माझी ती चूक झाली होती.

आपण नेमकं काय भाषांतरित करतो?

आधी दोन फरक पक्के करू.

पहिला फरक 'सिम्प्टम' आणि 'साइन' यांचा. रुग्णाला जे जाणवतं आणि तो सांगतो ते सिम्प्टम. डॉक्टरला जे दिसतं, मोजता येतं ते साइन. मळमळ हे सिम्प्टम, थर्मामीटरवरचा ताप ही साइन. मुलाखतीत आपल्याला बहुतेक वेळा सिम्प्टमच मिळतात, म्हणजे शब्दच मिळतात. शब्द चुकला की पुरावाच चुकला. मागे तपासायला रक्ताचा नमुना नसतो.

दुसरा फरक 'डिसीज' आणि 'इलनेस' यांचा. आर्थर क्लाइनमन यांनी १९८० च्या आपल्या पुस्तकात तो ठळकपणे मांडला आणि आज आरोग्याच्या सामाजिक अभ्यासात तो सगळीकडे वापरतात. डिसीज म्हणजे वैद्यकशास्त्राच्या नजरेतून शरीरात झालेला बिघाड. इलनेस म्हणजे माणसानं भोगलेलं आजारपण : काय वाटलं, कामावर जाता आलं का, घरचे काय म्हणाले. 'मला बीपी आहे' हे वाक्य डिसीजकडे बोट दाखवतं. 'जिना चढला की छाती भरून येते' हे इलनेसचं बोलणं आहे. मराठीत दोन्हींना 'आजार' म्हणून भागतं. इंग्रजी प्रबंधात भागत नाही.

ही अडचण आजची नाही. लोणावळ्यातच, तुंगार्लीपासून फार लांब नाही, स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये कैवल्यधाम सुरू केलं आणि त्याच वर्षी 'योगमीमांसा' हे इंग्रजी त्रैमासिक काढलं. आसनं आणि प्राणायाम करताना शरीरात काय होतं हे प्रयोगानं मोजायचं आणि जगभरच्या वैज्ञानिकांना कळेल अशा इंग्रजीत मांडायचं, असं ते काम होतं. शरीराचा अनुभव आपल्या भाषेत आणि त्याची नोंद दुसऱ्या भाषेत, ही कसरत या गावात शंभर वर्षं चालू आहे.

फ्रेझल व्हर्ब : आपल्याकडेही हा प्रकार आहे

फ्रेझल व्हर्ब म्हणजे साधं क्रियापद आणि त्याच्या मागे एक छोटा शब्द : अप, डाउन, आउट, ऑफ, ओव्हर. दोन्ही मिळून तिसराच अर्थ. 'थ्रो' म्हणजे फेकणं, 'अप' म्हणजे वर, पण 'थ्रो अप' म्हणजे उलटी होणं.

हे विचित्र वाटत असेल तर शाळेतले उपसर्ग आठवा. एकाच 'हृ' धातूपासून आहार, विहार, प्रहार, संहार, परिहार. आहार आणि संहार यांत केवढं अंतर! उपसर्ग पुढे लागतो, इंग्रजीतला तो शब्द मागे लागतो, एवढाच फरक.

आणि रोजच्या मराठीतलं 'येणे' घ्या. ताप येतो, चक्कर येते, डोळे येतात, तोंड येतं, अंग भरून येतं, फेफरं येतं, पायाला मुंग्या येतात. यातलं काय कुठून 'येतं'? 'डोळे आलेत' हे मराठी शिकणाऱ्या परदेशी माणसाला जितकं कोड्यात टाकेल तितकंच 'थ्रो अप' आपल्याला टाकतं. सांगायचा मुद्दा असा की ही यंत्रणा तुम्हाला परकी नाही. फक्त तिचे जोड पाठ करून येत नाहीत, वापरातून येतात.

एक मोठा फरक मात्र लक्षात ठेवा. मराठीत आजार माणसाकडे येतो आणि माणूस 'मला' होऊन बाजूला उभा राहतो : मला ताप आला, मला सर्दी झाली, मला धाप लागते. इंग्रजीत बहुतेक वेळा माणूसच कर्ता होतो : 'आय हॅव अ फीवर', 'आय कॉट अ कोल्ड', 'आय गेट आउट ऑफ ब्रेथ'. भाषांतर करताना आधी 'मला'ला कर्त्याच्या जागी बसवा, मग क्रियापद शोधा. निम्मी वाक्यं तिथेच सरळ होतात. आणि 'आय ॲम हॅविंग फीवर' हे आपल्याकडचं लाडकं वाक्य प्रबंधात नको. तिथे 'हॅव' साधं ठेवायचं.

अभ्यासक काय सांगतात?

१९८५ मध्ये डागुट आणि लाउफर यांनी हिब्रू मातृभाषा असलेल्या विद्यार्थ्यांचा अभ्यास केला. हिब्रूत फ्रेझल व्हर्ब नाहीत. त्या विद्यार्थ्यांनी फ्रेझल व्हर्ब टाळून एकशब्दी क्रियापदं पसंत केली. ज्यांचा अर्थ तुकड्यांवरून लागत नाही, ती तर सर्वांत जास्त टाळली. पुढे १९८९ मध्ये हल्स्टाइन आणि मार्चेना यांनी डच विद्यार्थी पाहिले. डचमध्ये असे जोड-क्रियापद आहेत, तरीही काही फ्रेझल व्हर्ब त्यांनी टाळलीच, आणि त्यात डचशी फार मिळतीजुळती असलेलीही होती. 'हे इतकं आपल्यासारखं आहे, म्हणजे इंग्रजीत चुकीचंच असणार' अशी ती भीती.

टाळणं हा एक धोका. माझा धोका उलटा होता : अर्थ अर्धवट माहीत असताना हौसेनं वापरणं. संशोधनात दोन्ही महाग पडतात. टाळलं तर मावशींच्या तोंडी 'आय एक्सपीरियन्स्ड एमेसिस' असलं वाक्य येतं, जे कुठलीही मावशी कुठल्याही भाषेत बोलणार नाही. हौसेनं वापरलं तर मावशी बेशुद्ध पडते.

दिलासा देणारी गोष्ट अशी. गार्डनर आणि डेव्हिस यांनी २००७ मध्ये ब्रिटिश नॅशनल कॉर्पसमधली फ्रेझल व्हर्ब मोजली. फक्त २० क्रियापदं आणि ८ छोटे शब्द यांच्या जोड्यांनीच निम्म्याहून जास्त वापर व्यापला होता. म्हणजे गो, कम, टेक, गेट, ब्रेक अशी ओळखीचीच मंडळी. अडचण वेगळीच आहे : नेहमीच्या प्रत्येक फ्रेझल व्हर्बला सरासरी ५ हून जास्त अर्थ निघाले. म्हणून 'पास आउट = बेशुद्ध होणे' अशी एकास एक यादी फसवते.

आजाराच्या प्रवासानुसार शिका

अकारविल्हे यादीपेक्षा आजार लागण्यापासून बरं होण्यापर्यंतचा क्रम धरा.

*लागण होताना.* 'कणकण वाटतेय' याला इंग्रजीत जवळजवळ नेमका जोड आहे : 'आय थिंक आय ॲम कमिंग डाउन विथ समथिंग.' 'कम डाउन विथ' हे सर्दी, फ्लू, गोवर अशा लागण होणाऱ्या आजारांसाठी. मधुमेहासाठी ते चालत नाही. तिथे 'शी डेव्हलप्ड डायबिटीस'. 'पिक अप' म्हणजे कुठून तरी संसर्ग घेऊन येणं, पण 'हर हेल्थ इज पिकिंग अप' म्हणजे तब्येत सुधारतेय. पाहा, एकच जोड आणि दिशा उलट. 'पास ऑन' म्हणजे आपला संसर्ग दुसऱ्याला देणं. साथ पसरू लागते तेव्हा 'ब्रेक आउट', आणि अंगावर पुरळ उठतं किंवा दरदरून घाम फुटतो तेव्हा 'ब्रेक आउट इन'.

*आजार अंगात असताना.* उलटी होते ते 'थ्रो अप'. पोटात काही ठरत नाही ते 'कान्ट कीप एनीथिंग डाउन'. खोकून कफ किंवा रक्त पडतं ते 'कफ अप'. घोटा सुजतो ते 'स्वेल अप'. नाक चोंदतं तेव्हा नाक 'ब्लॉक्ड' किंवा 'स्टफ्ड अप'. जुनी संधिवाताची दुखणी पावसाळ्यात पुन्हा डोकं वर काढतात ते 'फ्लेअर अप'. ताणानं डोकेदुखी सुरू होते तेव्हा ताण डोकेदुखी 'ब्रिंग ऑन' करतो. जखमेत संसर्ग मूळ धरू लागतो ते 'सेट इन'. बिछान्याला खिळणं म्हणजे 'बी लेड अप', आणि काम करकरून गळून जाणं म्हणजे 'रन डाउन' किंवा 'वोर्न आउट'.

*उतार पडताना.* सर्दी-तापातून उठणं 'गेट ओव्हर'. जिवावरच्या दुखण्यातून वाचणं 'पुल थ्रू'. या दोघांची अदलाबदल नको : सर्दीतून कोणी 'पुल थ्रू' होत नाही. पुरळ किंवा संसर्ग जाणं 'क्लिअर अप'. औषधाचा किंवा भुलीचा असर उतरणं 'वेअर ऑफ'. शुद्धीवर येणं 'कम राउंड' किंवा 'कम टू'.

*सवयींबद्दल.* मीठ कमी करणं 'कट डाउन ऑन', तंबाखू सोडणं 'गिव्ह अप', वजन वाढणं 'पुट ऑन वेट'. प्रश्नावलीत 'कट डाउन' आणि 'गिव्ह अप' यांतला फरक फार मोठा आहे. 'तंबाखू कमी केली' आणि 'तंबाखू सोडली' ही दोन उत्तरं तुमच्या विश्लेषणात दोन वेगळ्या रकान्यांत जातात.

आता त्या 'पास'कडे येऊ. आपण सगळे म्हणतो, 'मी २०१९ ला पास आउट झालो.' भारतात ते पदवी मिळवणं. ब्रिटिश इंग्रजीतही सैनिकी प्रशिक्षण पुरं करण्याला 'पास आउट' म्हणतात. लोणावळ्यातल्या आयएनएस शिवाजीवर नौदलाचे अभियंते शिकून बाहेर पडतात तेव्हाची 'पासिंग आउट परेड' याच अर्थाची. पण परदेशी वाचकाला आरोग्याच्या लेखात 'पास आउट' दिसलं की माणूस बेशुद्ध पडलेलाच दिसतो. आणि 'पास अवे' म्हणजे निधन. आउट, ऑन, अवे : एका शब्दाच्या फरकानं पदवीधर, संसर्ग देणारा आणि मयत!

शब्दशः गेलात की फसलात

पुढची मराठी वाक्यं क्षेत्रावर हमखास भेटतात.

'अंगावरून वारं गेलं' म्हणजे अर्धांगवायूचा झटका. इंग्रजीत 'हॅड अ स्ट्रोक', किंवा 'वन साइड ऑफ हिज बॉडी वॉज पॅरलाइज्ड'. 'जाणं'ला 'पास' आणि 'वारं'ला 'विंड' घातलंत तर 'पास विंड' होतं, आणि त्याचा अर्थ पादणं. रेफरीच्या हातात असं वाक्य जाऊ देऊ नका.

'अंग मोडून आलंय' म्हणजे 'माय होल बॉडी एक्स'. इथे 'ब्रेक डाउन' वापरलं तर तो मनाचा तोल गेल्याचा अर्थ होतो, आणि मानसिक आरोग्याच्या अभ्यासात तर अनर्थच.

'डोळे आलेत' म्हणजे 'कंजंक्टिव्हायटिस', बोलीत 'पिंक आय'. 'तोंड आलंय' म्हणजे 'माउथ अल्सर्स'. 'घसा बसलाय' म्हणजे 'आय हॅव लॉस्ट माय व्हॉइस'. 'कान फुटलाय' म्हणजे कानातून पू किंवा पाणी येतंय, 'डिस्चार्ज फ्रॉम द इअर'. पडदा फाटलाय की नाही हे डॉक्टर ठरवेल, तुमचं भाषांतर नाही. 'दिवस गेलेत' म्हणजे बाई गरोदर आहे, हे वेगळं सांगायला नको.

'बीपी आहे', 'शुगर आहे' यांत लोकांना उच्च रक्तदाब आणि मधुमेहच म्हणायचं असतं, पण 'बीपी लो झाला' हे अनेकदा नुसत्या अशक्तपणासाठी येतं. मोजलेलं आहे का, कुणी मोजलं, हे विचारल्याशिवाय 'हायपोटेन्शन' लिहू नका. तसंच 'टेन्शन' आणि 'हायपरटेन्शन' ही सख्खी भावंडं नाहीत. पहिलं मनाचं, दुसरं रक्तदाबाचं.

आणि दुखणं! ठणकतं, सणक मारते, आग होते, मुरडा येतो, रग लागते, कळ येते, टोचतं, खुपतं. सगळ्याला 'पेन' लिहून मोकळे होऊ नका. रोनाल्ड मेलझॅक यांनी १९७५ मध्ये मॅकगिल पेन क्वेश्चनेअर तयार केलं, त्यात वेदनेची ७८ विशेषणं २० गटांत लावली होती. वेदनेच्या जातीवरून तिचं कारण शोधायला मदत होते, हा त्यामागचा विचार. ठणका म्हणजे 'थ्रॉबिंग', आग म्हणजे 'बर्निंग', सणक म्हणजे 'शूटिंग', मुरडा म्हणजे 'क्रॅम्पिंग'. मुंग्यांना इंग्रजीत 'पिन्स अँड नीडल्स'. आपल्याकडे किडे चालतात, त्यांच्याकडे सुया टोचतात!

कुठे फ्रेझल व्हर्ब, कुठे भारदस्त शब्द?

तीन मजल्यांचं घर समजा. तळमजल्यावर रुग्णाची भाषा : 'थ्रो अप', 'पास आउट', 'गेट ओव्हर'. मधल्या मजल्यावर सगळ्यांना कळणारं लेखी इंग्रजी : 'व्हॉमिट', 'फेंट', 'रिकव्हर'. वरच्या मजल्यावर वैद्यकीय संज्ञा : 'एमेसिस', 'सिंकोपी', 'रिमिशन'. रुग्णाचं अवतरण देताना तळमजला. तुमचं विश्लेषण मधल्या मजल्यावर. वरच्या मजल्यावर तेव्हाच चढा, जेव्हा निदान डॉक्टरनं केलेलं असेल. अंधारी येणाऱ्या बाईला 'सिंकोपी' लिहिणं म्हणजे आपणच डॉक्टर होणं.

तरी काही फ्रेझल व्हर्ब प्रबंधात मानानं बसतात : 'कॅरी आउट', 'रूल आउट', 'फॉलो अप', 'ड्रॉप आउट'. जे सहभागी पुढच्या भेटीत सापडलेच नाहीत, त्यांच्यासाठी 'लॉस्ट टू फॉलो-अप' ही तर ठरलेली संज्ञा.

एक गंमत टिपून ठेवा. फ्रेझल व्हर्बमधला छोटा शब्द पुढे आला की बहुतेक वेळा लेखी, भारदस्त नाम तयार होतं. 'ब्रेक आउट'वरून 'आउटब्रेक'. 'टेक इन'वरून 'इनटेक'. 'टेक अप'वरून 'अपटेक', जसं लशीचा 'अपटेक'. 'कम आउट'वरून 'आउटकम'. लक्षणं सुरू होण्याला 'ऑनसेट' म्हणतात, तोही याच घडणीचा. शोधनिबंध वाचताना असे शब्द दिसले की उलटे करून पाहा, दोन शब्द एका दमात पक्के होतात.

शब्दयोगी जोड्याही जागा सोडत नाहीत : 'सफर फ्रॉम', 'रिकव्हर फ्रॉम', 'डाय ऑफ', 'कम्प्लेन ऑफ', 'डायग्नोज्ड विथ', 'ट्रीटेड फॉर', 'ॲडमिटेड टू', 'ऑपरेटेड ऑन'. ज्याचं ऑपरेशन झालं तो 'वॉज ऑपरेटेड ऑन'. तो शेवटचा 'ऑन' आपण हमखास गिळतो.

उलट भाषांतर : आपली स्वतःची परीक्षा

मग शब्द बरोबर आहे हे ठरवायचं कसं? १९७० मध्ये रिचर्ड ब्रिस्लिन यांनी आंतरसांस्कृतिक संशोधनासाठी उलट भाषांतराची पद्धत सविस्तर मांडली, ती आजही प्रश्नावलींसाठी वापरतात. एकानं मराठीतून इंग्रजी करायचं. मूळ मराठी न पाहिलेल्या दुसऱ्यानं ते इंग्रजी पुन्हा मराठीत आणायचं. मग दोन्ही मराठी शेजारी ठेवायच्या.

माझं 'शी पासेस आउट एव्हरी मॉर्निंग' मी रूममेटला दिलं असतं तर तिनं 'ती रोज सकाळी बेशुद्ध पडते' असं लिहून दिलं असतं. चूक पाच मिनिटांत सापडली असती. तुंगार्लीची दुसरी फेरी वाचली असती.

आणखी एक पायरी मी आता वगळत नाही : लोकांचे शब्द आधी गोळा करायचे. एकट्या चक्करीचंच बघा. 'गरगरतं' म्हणजे भोवतालचं फिरतंय, 'द रूम इज स्पिनिंग'. 'अंधारी येते' म्हणजे 'एव्हरीथिंग गोज डार्क फॉर अ मोमेंट'. 'डोकं हलकं झालं' म्हणजे 'लाइटहेडेड'. 'घेरी येऊन पडले' म्हणजे 'आय फेल्ट डिझी अँड फेल', आणि इथे शुद्ध गेली होती का, हा प्रश्न विचारायलाच हवा. या सगळ्यावर 'डिझी' ही एकच गोधडी पांघरली तर डॉक्टर ज्यांची तपासणी वेगवेगळी करतो त्या तक्रारी तुमच्या तक्त्यात एक होतात.

अर्थ उलटही चुकतो. जी बाई खरंच शुद्ध हरपून पडते, तिचं 'घेरी' तुम्ही नुसतं 'डिझी' लिहिलंत, तर तिची गंभीर तक्रार कागदावर किरकोळ होते. माझी चूक हसण्यावारी गेली. ही दुसरी चूक हसण्यावारी नेता येत नाही.

लोकांचं बोलणं ऐकून मग मोजणं काय करू शकतं याचं उदाहरण महाराष्ट्रातच आहे. गडचिरोलीत डॉ. राणी आणि डॉ. अभय बंग यांनी दोन गावांतल्या ६५० स्त्रियांची पाहणी केली. ९२ टक्के स्त्रियांना स्त्रीरोगविषयक आजार आढळले. १९८९ मध्ये 'लॅन्सेट'मध्ये तो निबंध आला आणि बायकांचं आरोग्य म्हणजे फक्त बाळंतपण नव्हे, हे जगाला मानावं लागलं. राणी बंग यांचं 'कानोसा' हे पुस्तक तर बायका आपल्या शरीराबद्दल काय बोलतात, काय मानतात यावरच आहे. क्षेत्रावर जाण्याआधी ते जरूर वाचा. 'अंगावर पांढरं जातं' हे वाक्य ऐकू आलं तर ते कसं ऐकायचं, हे कळेल.

हाच नियम संमतीपत्रालाही लागू आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या नैतिक मार्गदर्शक तत्त्वांनुसार सहभागी व्यक्तीला कळेल अशा भाषेत माहिती द्यावी लागते. इंग्रजी पत्रकातलं 'यू मे ड्रॉप आउट ॲट एनी टाइम' हे मराठीत 'तुम्ही केव्हाही गळू शकता' झालं तर कोण सही करेल? 'तुम्हाला नको वाटलं तर तुम्ही कधीही नाही म्हणू शकता' हे मराठी.

वही कशी ठेवायची?

१. एका दिवशी 'पास आउट', 'पास ऑन', 'पास अवे' असं कुटुंब एकत्र पाठ करू नका. टिंकम यांनी १९९३ मध्ये दाखवलं की अर्थानं जवळचे शब्द एकत्र शिकले की ते एकमेकांत गुंततात आणि शिकायला उलट जास्त वेळ लागतो. दिसायला सारखे शब्दही तसाच गोंधळ घालतात. आज 'पास आउट' शिका, आठवड्यानं 'पास ऑन'. तुलना सगळ्यांत शेवटी. (वर मी तिन्ही एकत्र दिले, कारण तुम्हाला ते आधीच अर्धवट माहीत आहेत असं धरलंय.)

२. प्रत्येक शब्दापुढे चार गोष्टी लिहा : खऱ्या माणसानं म्हटलेलं मराठी वाक्य, त्याचं इंग्रजी, मजला कुठला, आणि हा शब्द कुठे चालत नाही. चौथा रकाना सर्वांत महत्त्वाचा.

३. इंग्रजीसाठी ऑक्सफर्ड किंवा केंब्रिजचा विद्यार्थी-शब्दकोश बघा. शब्द 'इन्फॉर्मल' आहे का ते तिथे लिहिलेलं असतं. मराठीसाठी मोल्सवर्थ. त्याची १८५७ ची दुसरी आवृत्ती शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मोफत शोधता येते. भोवळ, घेरी, झीट असे शब्द तिथे एकेक करून बघा.

४. जोड सापडत नसेल तर मराठी शब्द देवनागरीत किंवा लिप्यंतर करून तसाच ठेवा आणि शेजारी वर्णन द्या. 'पाय भरून येणे' याला एका शब्दाचं इंग्रजी शोधत बसू नका. 'हर लेग्ज फील हेवी अँड एक' असं साधं लिहा. साधं वर्णन कधी चुकत नाही.

५. भाषांतरावर शंका असेल तर मूळ रेकॉर्डिंग पुन्हा ऐका. तरी कळलं नाही तर त्या माणसाला विचारा. लाज वाटते, मान्य. पण तो प्रश्न आपणच विचारायचा असतो, व्हायवाला परीक्षकांनी नव्हे.

आता तुमच्यासाठी गृहपाठ. आज घरी आईला किंवा आजीला विचारा, "तुला बरं नसतं तेव्हा नेमकं कसं होतं?" पाच वाक्यं जशीच्या तशी लिहून घ्या. इंग्रजी करा. उद्या ते इंग्रजी मित्राला देऊन मराठी करून घ्या. आणि ती मराठी आजीला वाचून दाखवा. "हो, हेच म्हणाले मी" असं ती म्हणाली तर तुम्ही तयार आहात.

माझ्या प्रबंधात मावशींचं वाक्य आता असं आहे : 'व्हेन आय गेट अप इन द मॉर्निंग, एव्हरीथिंग गोज डार्क, सो आय सिट डाउन फॉर अ व्हाइल.' त्यात 'गेट अप' आणि 'सिट डाउन' ही दोन फ्रेझल व्हर्ब आहेत, दोन्ही आपण पाचवीत शिकलेली. उलट भाषांतर करून मी ते मावशींना वाचून दाखवलं. त्या म्हणाल्या, "अगं, हेच तर सांगितलं होतं." मग रक्तदाब तपासून घ्यायला त्यांच्याबरोबर दवाखान्यातही गेले. ते मी पहिल्याच दिवशी करायला हवं होतं.